पुण्याला ठेवलेली वही

या पुस्तकाचा विषय एका ओळीचा आहे. ॲप्लिकेशनला क्लाउडवरच्या डेटाबेसशी जोडायचं म्हणजे एक ओळ लिहायची: सर्व्हरचं नाव, पोर्ट, डेटाबेसचं नाव, कोण येतंय आणि त्याचा पासवर्ड काय. हिला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात. क्लाउड कंपनीच्या पोर्टलवर ती आयती मिळते. उचलायची आणि आपल्या कोडमध्ये चिकटवायची. मग एवढ्यासाठी पुस्तक कशाला, असं आमच्या मंडळाच्या खजिनदार काकांनी मला विचारलं. उत्तर द्यायला मला काही वर्षं लागली, आणि त्यातला मोठा भाग मी त्यांच्याच वहीकडून शिकले.

ती वही गणपतीच्या वर्गणीची. चंडीगढमधली मराठी माणसं एका जागी नाहीत. काही चंडीमंदिरच्या छावणीत, काही हवाई दलात, काही पीजीआय रुग्णालयात, काही बँकांत, आणि आता बरीचशी आयटी पार्कात. मोहाली आणि पंचकुला धरून आमच्या यादीत एकशे ऐंशी घरं होती. काका सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. लाल कापडी बांधणीची वही, कार्बन पेपर घातलेलं पावतीपुस्तक आणि कानावर पेन, हा त्यांचा सारा कारभार. मी पुण्याची, लग्न होऊन इकडे आलेली, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. एका वर्षी मला हौस आली. म्हटलं, काका, तुमची वही मी संगणकात घालते. ते म्हणाले, ‘घाल की. पण माझी वही मी बंद करणार नाही.’

पहिल्या वर्षी सगळं माझ्या लॅपटॉपमध्येच होतं. प्रोग्रामही तिथेच, डेटाबेसही तिथेच. नाव टाईप केलं की यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत हजर. दुसऱ्या वर्षी तीन टेबलांवर तीन लॅपटॉप लावायचे ठरले, तेव्हा डेटाबेस एका सामाईक ठिकाणी हवा म्हणून तो क्लाउडवर नेला. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्यूरवर सर्व्हर बनवताना तो कुठल्या प्रदेशात ठेवायचा ते विचारतात. यादीत ‘सेंट्रल इंडिया’ दिसलं, तेच निवडलं. नंतर कळलं की सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई अशी तीन ठिकाणं सुरू केली, आणि त्यांच्या लेखी सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे. शाळेत भूगोलाच्या पेपरात असं लिहिलं असतं तर कान पिळला गेला असता. पण म्हणजे झालं असं की मी चंडीगढला आणि माझी वही माझ्या माहेरी.

घरी बसून पुन्हा चालवून पाहिलं. तोच प्रोग्राम, तीच एकशे ऐंशी घरं. यादी उघडायला आठ सेकंद लागले.

या आठ सेकंदांवर मी इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं त्यांच्याच पोटातून निघाली आहेत. चंडीगढ ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जायला सात मिलिसेकंद आणि यायला सात. यापेक्षा लवकर उत्तर कुठलीही कंपनी, कितीही पैसे घेऊन, देऊ शकत नाही. प्रत्यक्षात तारा सरळ जात नाहीत, मध्ये राउटरांचे थांबे असतात. माझ्या घरून एक फेरी पंचेचाळीस मिलिसेकंदांच्या आसपास पडत होती. हे काही फार नव्हे. पण माझा प्रोग्राम आधी घरांची यादी मागत होता, आणि मग प्रत्येक घरासाठी ‘यांनी यंदा किती दिले?’ असा वेगळा प्रश्न विचारत होता. एकशे ऐंशी फेऱ्या. एकशे ऐंशीला पंचेचाळीसने गुणा, उत्तर आठ हजार शंभर मिलिसेकंद येतं. गणित तिसरीतलं आहे, पण ते करावं लागेल हे मला सुचलंच नव्हतं, कारण लॅपटॉपवर प्रत्येक फेरी फुकट होती.

किराणा आणायला दुकानात जायचं, मीठ घेऊन घरी यायचं, पुन्हा जायचं, साखर आणायची, असं दुकान शेजारी असेपर्यंत चालतं. दुकान पुण्याला गेलं की यादी करावी लागते. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत यादी करायची उत्तम सोय पहिल्या दिवसापासून आहे. दोन टेबलं जोडून एकाच प्रश्नात सगळं मागता येतं. मी ते केलं तेव्हा आठ सेकंदांचे काही दशांश सेकंद झाले. या चुकीला धंद्यात नाव आहे, ‘एन प्लस वन’, आणि आज जी साधनं कोड लिहिणाऱ्याला एसक्यूएलपासून दूर ठेवतात ती ही चूक अगदी नकळत करून देतात. त्या साधनांशी माझं वैर नाही, पण ती वापरणाऱ्याने आपल्या नावावर किती प्रश्न जातायत ते एकदा तरी मोजावं असा माझा आग्रह आहे, आणि पुस्तकात तो मी तीनदा केला आहे.

अंतराच्या या विसराळूपणाला थोडं जुनं कारणही आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा गाभा असा होता की माहिती विचारणाऱ्याला ती आत कुठे आणि कशी ठेवली आहे हे माहीत असण्याची गरज पडू नये. काय हवं ते सांगा. कसं शोधायचं ते यंत्र बघेल. पुढे १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या कल्पनेवर भाषा रचली, तिचं नाव ‘सीक्वेल’. ते नाव आधीच दुसऱ्या कुणाच्या मालकीचं निघाल्याने पुढे नुसतं एसक्यूएल राहिलं. जुनी माणसं अजून सीक्वेलच म्हणतात. पन्नास वर्षं टिकलेली ही भाषा टिकली ती या लपवण्यामुळेच. लॅपटॉपवरचा डेटाबेस पुण्याला हलवताना मला एकही प्रश्न नव्याने लिहावा लागला नाही, ही कॉड यांची कृपा. माहिती कुठे आहे हे लपलं. त्याबरोबर ती किती लांब आहे हेही लपलं.

डेटाबेस स्वतः न सांभाळता भाड्याने घ्यायची पद्धत त्यामानाने कालची. ॲमेझॉनने २००९ मध्ये आरडीएस आणलं, मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये एसक्यूएल ॲझ्यूर, गूगलने २०११ मध्ये क्लाउड एसक्यूएल. त्याआधी कंपनीच्या मागच्या खोलीत एसी लावून एक यंत्र ठेवलेलं असे आणि त्याच्याकडे बघणारा एक माणूस. चंडीगढ, मोहाली आणि पंचकुला मिळून होणाऱ्या आमच्या ट्रायसिटीला यंत्रांची ओळख जुनी आहे. मोहालीला सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स १९८० च्या दशकात चिप बनवत होतं, आणि १९८९ च्या आगीने त्याचं अतोनात नुकसान केलं. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सीडॅक या संगणक संस्थेचं एक केंद्र मोहालीलाही आहे. चंडीगढचं आयटी पार्क २००५ चं. मी कामाला लागले तेव्हा प्रत्येक ऑफिसात ती मागची खोली होती. आता तिथे बहुतेक ठिकाणी कॅन्टीनचं सामान असतं.

भाड्याच्या घराचे नियम समजायला चंडीगढकराला लांब जावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९६६ पासून हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे, शिवाय स्वतः केंद्रशासित. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी बांधलेली सचिवालयाची अडीचशे मीटर लांबीची इमारत पंजाब आणि हरियाणा वाटून घेतात. उच्च न्यायालय दोघांचं एकच. कॅपिटॉलचा हा परिसर २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. पाया एक, जिने एक, पाण्याची टाकी एक, पण या दालनातली फाईल त्या दालनाला दिसता कामा नये. क्लाउडवरचा डेटाबेस असाच असतो. तुमच्या शेजारी त्याच यंत्रांवर कोण बिऱ्हाड करून आहे ते तुम्हाला कधी कळत नाही. घरमालक सांगून किंवा न सांगता डागडुजी करतो, आणि त्या वेळी तुमचं सामान एका खोलीतून दुसरीत हलवतो. तेवढे काही क्षण दार वाजवलं तरी कुणी उघडत नाही. पण या जगात तो बिघाड मानत नाहीत.

पत्त्याचीही एक गंमत आहे. चंडीगढचा पत्ता म्हणजे दोन आकडे: कोठी नंबर आणि सेक्टर. रिक्षावाल्याला बाकी काही लागत नाही. पुण्याचा पत्ता म्हणजे अमक्या देवळाच्या मागचा बोळ, तमक्या डेअरीच्या समोर. पुणेकरीण असून मला चंडीगढची पद्धत अधिक पसंत आहे. डेटाबेसांच्या पोर्टांचे ठरीव आकडेही मला कोठी नंबरांसारखे वाटतात: एसक्यूएल सर्व्हर १४३३, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२. मात्र क्लाउडच्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहू नका, नावानेच लिहा. नावामागचा आयपी पत्ता कंपनी बदलू शकते आणि बदलतेही. आकडे लिहून ठेवलेला प्रोग्राम त्या दिवशी रिकाम्या घराचं दार वाजवत बसतो.

आता दाराकडे येऊ. स्थापनेच्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडली. एका मुलाच्या मोबाईलवरून इंटरनेट घेतलं, प्रोग्राम उघडला, आणि लाल अक्षरांत निरोप आला: तुमच्या पत्त्याला या सर्व्हरवर यायची परवानगी नाही. त्रुटी क्रमांक ४०६१५. ॲझ्यूरवरचा नवा सर्व्हर दार बंद करूनच जन्माला येतो; कुठल्या आयपी पत्त्यांना आत घ्यायचं त्याची यादी आपण द्यायची असते. मी घरचा पत्ता दिला होता. हॉलमधल्या मोबाईलचा पत्ता वेगळा, आणि मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असल्याने तो दुपारी पुन्हा बदलणार. नवा पत्ता घातला, तर पोर्टल म्हणतं बदल लागू व्हायला पाच मिनिटं लागू शकतात. इकडे रांग लागलेली, तिकडे आरतीच्या टाळ-झांजा सुरू. काकांनी एक शब्द न बोलता पावतीपुस्तक उघडलं आणि कार्बन सरळ केला.

तेव्हा एका उत्साही मुलाने मला तोडगा सुचवला: ‘ताई, यादीत शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत सगळे पत्ते घालून टाका ना.’ मी घातले. चटकन चाललं. आणि अकरा दिवस ते दार साऱ्या जगाला सताड उघडं राहिलं. विसर्जनानंतर ऑडिटची नोंद उघडली तेव्हा त्यात ‘ॲडमिन’ आणि ‘एसए’ अशा नावांनी आत शिरायचे शेकडो फसलेले प्रयत्न होते. कुणी माणूस आमच्या वर्गणीच्या मागे लागला होता असं नव्हे; इंटरनेटवर उघडी दारं हुडकत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, त्यांना दार कुणाचं याच्याशी देणंघेणं नसतं. पासवर्ड चांगला होता म्हणून निभावलं. पुस्तकातलं चौथं प्रकरण या अकरा दिवसांचं प्रायश्चित्त आहे.

त्याच प्रकरणात एका साध्या दिसणाऱ्या टिकमार्कबद्दल चार पानं आहेत. ‘ॲझ्यूरमधल्या सेवांना येऊ द्या’ असा तो पर्याय. वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे माझ्या सेवांना. तसं नाही. ॲझ्यूरवर बिऱ्हाड केलेल्या कुणाच्याही सेवांना त्या दारापर्यंत पोचता येतं. पुढे पासवर्ड तेवढा आड उभा राहतो. खरा उपाय म्हणजे प्रोग्रामसुद्धा पुण्यालाच नेऊन डेटाबेसशेजारी ठेवायचा, दोघांमध्ये खाजगी वाट करायची आणि रस्त्यावरचं दार बंद करायचं. चंडीगढच्या टेबलावरून मग फक्त तयार पान मागवायचं. अंतराचा आणि दाराचा प्रश्न असा एकदमच सुटतो. पुढच्या वर्षी मी तेच केलं.

पुढच्या काही गोष्टी भराभर सांगते, त्या आत सविस्तर आहेत. खर्च वाचवायला मी जो डेटाबेस घेतला होता तो तासभर कुणी विचारलं नाही की आपोआप थांबतो, आणि पुन्हा विचारलं की जागा होतो. जागं व्हायला मिनिटभर लागतं, आणि पहिल्या हाकेला तर तो ४०६१३ असं उत्तर देऊन मोकळा होतो. दुपारी जेवणं झाल्यावर पहिली पावती फाडताना हे व्हायचं. पुण्यातला डेटाबेस दुपारी झोपतो हे ऐकून मंडळात कुणालाही नवल वाटलं नाही. उपाय एवढाच की पहिल्या नकाराला खचू नये. थोडं थांबून पुन्हा विचारावं, पुन्हा नकार आला तर आणखी थोडं जास्त थांबावं.

नवं कनेक्शन उघडायला चार-पाच फेऱ्या लागतात: हाक, ओळख, कुलूपबंद वाट ठरवणं, मग लॉगिन. म्हणून उघडलेली कनेक्शनं फेकून न देता पूलमध्ये ठेवतात आणि पुन्हा वापरतात. डॉटनेटमध्ये या पूलची हद्द मुळात शंभर कनेक्शनांची असते. कनेक्शन घेऊन परत न करणारा प्रोग्राम शंभराव्या वेळेनंतर ताटकळत उभा राहतो, आणि दोष सर्व्हरला मिळतो. लग्नघरात शंभर ताटं असून जेवलेल्यांनी ती हातातच धरून ठेवली तर दुसरी पंगत बसत नाही, तसं.

मराठी माणसाचा खास त्रास मात्र मी घाईत सांगणार नाही. क्लाउडवर हलवताना मी टेबलं नव्याने बनवली आणि नावाच्या रकान्याला व्हारचार हा प्रकार दिला. पहिली यादी छापून आली तर शिंद्यांच्या जागी पाच प्रश्नचिन्हं आणि कुलकर्ण्यांच्या जागी आठ. हे आकडे उगीच आलेले नाहीत. श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा, असे शिंदे हे नाव युनिकोडमध्ये पाच खुणांचं आहे, कुलकर्णी आठांचं. ॲझ्यूरवरच्या एसक्यूएल डेटाबेसचं मूळ कोलेशन, म्हणजे अक्षरांचा आणि त्यांच्या क्रमाचा नियम, लॅटिन असतं. त्याच्या व्हारचारला देवनागरी ठाऊक नाही, तो प्रत्येक अनोळखी खुणेमागे एक प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि मूळ अक्षर कायमचं जातं. काकांनी यादी हातात घेतली, वरून खाली बघितली आणि म्हणाले, ‘यातला मी कोणता?’ रकाना एनव्हारचार हवा, आणि कोडमधल्या मजकुरालाही एन लावायला हवा, एवढं करायचं होतं. पोस्टग्रेसवर ही अडचण सहसा येत नाही. मायएसक्यूएलमध्ये आवृत्ती आठपासून मूळ मांडणीच पूर्ण युनिकोडची आहे. नावं नीट आल्यावरही क्रम चुकलेलाच होता. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण युनिकोडच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. त्यामुळे जे क्षीरसागर काकांच्या वहीत नेहमी शेवटच्या पानावर असत ते कदम आणि काळे यांच्या शेजारी जाऊन बसले. गुरुमुखी, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत नावं लिहिणाऱ्या या शहरात हे प्रकरण इंग्रजी पुस्तकांच्या भरवशावर सोडणं मला बरोबर वाटलं नाही.

आमच्या यादीत गोव्याचं एक डिसूझा कुटुंबही आहे, दरवर्षी न चुकता वर्गणी देणारं. त्यांचं नाव रोमनमध्ये लिहिलं की डी नंतर वर एक टिंबासारखी खूण येते, आणि एसक्यूएलमध्ये तीच खूण मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटाची असते. मी प्रश्न तुकडे जोडून बनवत होते, त्यामुळे त्यांचं नाव लिहिताच प्रोग्राम कोसळला. सज्जनाच्या आडनावाने जो कोसळतो तो दुर्जनाच्या हाती सगळं देऊन बसतो. १९९८ पासून जाहीरपणे माहीत असलेला हा हल्ला आजही चालतो. उत्तर सोपं आणि जुनं आहे: प्रश्न वेगळा पाठवा, किमती वेगळ्या पाठवा. आणि वेळेचं: तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, म्हणून अमेरिकेतल्या कुणाच्या मुलाने भारतीय वेळेनुसार रात्री एक वाजता भरलेली वर्गणी अहवालात आदल्या दिवशी पडते. साडेपाच तासांचा हा फरक ताळेबंदाच्या रात्री फार महाग पडतो.

सगळ्यात मोठा धडा मिळाला तो पावतीच्या नंबरावरून. पावतीला क्रमांक द्यायचं काम मी डेटाबेसवर सोपवलं होतं. उत्सवाच्या चौथ्या दिवशी शहाण्णव नंबरानंतर एकदम एक हजाराच्या पुढचा नंबर आला. काकांचा चेहरा बदलला. ‘मधल्या नऊशे पावत्या कुठे गेल्या? अहवालात मी काय तोंड दाखवू?’ पावत्या कुठेही गेल्या नव्हत्या. वेग वाढावा म्हणून सर्व्हर हजार-हजार नंबर आधीच काढून हाताशी ठेवतो, आणि त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं की हाताशी धरलेले वाया जातात. मी त्यांना चंडीगढचंच उदाहरण दिलं: या शहरात बारा सेक्टरनंतर थेट चौदावा यायचा, तेरा नव्हताच, २०२० मध्ये मनीमाजऱ्याला ते नाव मिळेपर्यंत कुणाचं काही अडलं नाही. त्यांना ते पटलं नाही. हिशेबाच्या माणसाला पटू नयेच.

त्याच संध्याकाळी दुसरी भानगड उघडली. एका घरच्या नावावर एकाच रकमेच्या दोन पावत्या. झालं असं की प्रोग्रामने नोंद पाठवली, पुण्याला ती लिहिलीही गेली, पण ‘लिहिली’ हा निरोप परत येताना कनेक्शन तुटलं. माझा प्रोग्राम मी शिकवल्याप्रमाणे खचला नाही. त्याने थोडं थांबून तीच नोंद पुन्हा पाठवली. निरोप वाटेत हरवला की काम झालंच नाही, का झालं पण कळलं नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच ठरवता येत नाही. दूरच्या दोघांमधला हा मूळचा पेच आहे, आणि तो यंत्र महाग घेतल्याने सुटत नाही.

काकांनी पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्यात प्रत्येक पानावर नंबर आधीच छापलेला. ‘छावणीतून गावी मनीऑर्डर करायचो,’ ते म्हणाले, ‘पोच आली नाही तर पुन्हा पैसे धाडत नव्हतो. पावतीचा नंबर लिहून विचारायचो, या नंबराचे मिळाले का?’ मी त्या रात्री प्रोग्राम बदलला. नंबर आता टेबलावरच, छापील पुस्तकातून यायचा, आणि डेटाबेसला सांगून ठेवलं की एक नंबर दोनदा घ्यायचा नाही. नोंद कितीदाही पाठवा, दुसऱ्यांदा पोचलेली नाकारली जाते. शहाण्णवनंतर सत्त्याण्णव आला. दोन्ही भानगडी एकाच उपायाने मिटल्या, आणि या उपायाला संगणकशास्त्रात जे लांबलचक नाव आहे ते मी काकांना सांगितलं नाही.

या गोष्टी मी कामावरच्या नव्या मुलांना सांगू लागले, मग रविवारी घरी चार मराठी मुलं येऊ लागली, आणि टिपणांचं हे पुस्तक झालं. ते मराठीत का, हे विचारणारे भेटतात. ती मुलं काम इंग्रजीत करतात, ऑफिसात हिंदी-पंजाबी बोलतात, पण अडतात ती मराठीत, हे मी पाहिलं आहे. ‘अगं, पण आधी चालत होतं ना!’ हे वाक्य मी दुसऱ्या भाषेत त्या जिवाच्या आकांताने ऐकलेलं नाही. शब्दांच्या बाबतीत मी हट्ट धरला नाही. कनेक्शन स्ट्रिंगला एकदा ‘जोडणी-पंक्ती’ म्हणून पाहिलं, तर मुलांना वाटलं कुणाच्या लग्नाचं जेवण आहे. तेव्हापासून टेबल हे टेबल आणि क्वेरी ही क्वेरीच.

उदाहरणं ॲझ्यूर आणि एसक्यूएल सर्व्हरची आहेत कारण मी तिथे ठेचा खाल्ल्या. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ चं, गूगलचं २०१७ चं. गूगलने २०२१ मध्ये दिल्लीतही एक उघडलं, चंडीगढहून ते जवळ पडतं. तिथे वापरणाऱ्याने आकडे आणि नावं बदलून वाचावं. पेमेंटच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचा असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, तेव्हा पैशांशी संबंध असेल तर प्रदेश निवडताना नुसतं अंतर बघू नका. पासवर्डांबद्दल शेवटून दुसरं प्रकरण आहे. ते आधी वाचलंत तरी चालेल. कोडमध्ये लिहून गिटवर चढवलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या आवृत्तीत तसाच राहतो. तो पुसत बसू नका, बदला.

काकांची वही अजून चालू आहे. रोज रात्री ते तिची बेरीज आणि माझ्या पडद्यावरची बेरीज शेजारी-शेजारी ठेवून बघतात. गेल्या वर्षी दोन्हीत पन्नास रुपयांचा फरक आला आणि चूक वहीत निघाली. त्यांनी चष्मा पुसला, आकडा दुरुस्त केला, बाजूला सही केली आणि मला म्हणाले, ‘तुझ्या त्या पुण्याच्या बेरजेवर सही कोण करतं?’ ऑडिटचं प्रकरण मी त्यानंतर लिहिलं.

पुस्तक वाचताना जवळ एक लॅपटॉप असू द्या आणि क्लाउडचं स्वतःचं खातं. दुसऱ्याच्या खात्यावर शिकू नका. प्रत्येक प्रकरणाचा डेटाबेस नवा बनवायचा आहे. सराव झाला की तो काढून टाका. मी एकदा विसरले होते, आणि पुढच्या महिन्याचं बिल बघून घरी विचारणा झाली होती की माहेरी इतके पैसे कशाला पाठवले.

लेखिका
चंडीगढ